दोन बोटं माया

माझे बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये हमाली करायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांत, नाकपुड्यांत कापसाचे तंतू असायचे आणि जेवता जेवता ते खोकायचे. कापूस असा अंगावर घेऊन येणाऱ्या माणसाच्या घरात सुती कपडा मात्र एकही नव्हता. आम्ही तिघी बहिणी आठवडी बाजारातल्या ढिगातले चकचकीत, घाम न पिणारे कपडे घालायचो. ताईचा शाळेचा कुर्ता आठवीत छातीवर तंग झाला. पोरं हसायला लागली. नवा घेणं जमेना, म्हणून आईनं तिला घरी बसवलं. शाळा सोडली असं कोणी म्हटलंच नाही. "आंगाले होत नाही," एवढंच म्हटलं. मग मी आठवीत गेले, माझाही कुर्ता काखेत काचायला लागला, आणि पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं.

त्याच वर्षी शमीम मॅडम आम्हाला कार्यानुभव शिकवायला आल्या. उंच, किडकिडीत बाई. भर उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत. वडील शिंपी होते, त्यामुळे हात आधी कपड्याकडं जायचा, मग माणसाकडं. पहिल्याच तासाला त्या बाकांमधून फिरल्या आणि प्रत्येकीच्या कुर्त्याची कड उलटवून आतली शिलाई पाहत गेल्या. नावं नंतर विचारली. माझी कड हातात धरून म्हणाल्या, "माया कुठं हाय? रेडिमेडवाल्यानं पार कडेवरून शिलाई मारली. हा कपडा सावत्र हाय, बेटा. तू वाढशील, हा नाही वाढणार."

शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पोर वाढलं की शिलाई उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. हे मला तेव्हा कुठं माहीत होतं? मॅडमनी विचारलं, "कपड्याले माया किती ठेवाची?" मी ऐटीत उभी राहिले आणि म्हणाले, "पोटच्या लेकरावर ठेवतो तेवढी." सगळा वर्ग खिदळला. मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "दोन बोटं. लेकरू बी वाढतेच ना."

वर्गातल्या बऱ्याच मुली घरच्यांच्या मोबाइलवरून स्वस्तातले टॉप मागवायच्या. एकदा घालून रील काढायचं, मग तो टॉप जिनिंगमागच्या नाल्यात. मॅडमनी त्यावर भाषण दिलं नाही. एका मुलीच्या ओढणीतून एक धागा ओढला, स्वतःच्या पदरातून एक, आणि काडी लावली. पदराच्या सुताची राख झाली. ओढणीच्या धाग्याचा वितळून काळा मणी झाला. "हे जळत नाही, हे चिकटते," म्हणाल्या, आणि डावी बाही कोपरावर सारली. आतली कातडी थिजलेल्या मेणासारखी होती. "मी तुमच्याएवढी होती. नायलॉनची ओढणी अन् घरातला स्टोव्ह. डॉक्टर कपडा काढून राह्यला होता अन् संगं माहं चामडं येऊन राह्यलं होतं." बाही खाली ओढून त्या म्हणाल्या, "फॅशन करा. मी बी केली. पण घ्याच्या आधी उलटून पाहा. धागा कोणता, शिलाई कशी. अन् घेतलं तर मग टिकवा."

दिवाळीनंतर आईनं मला शाळेत पाठवणं बंद केलं. आठवडाभरातच मॅडम आमच्या दारात हजर.

"मोठीले बी आठवीतच काढलं, मॅडम," आई म्हणाली. "हिले कोणतं कलेक्टर व्हाचं हाय?"

"नको होऊ दे कलेक्टर. पण कुर्ता तंग झाला म्हणून घरी बसली, हे मले पटत नाही. मोठीचा जुना ड्रेस हाय का?"

ताईच्या कुर्त्याचं केव्हाच पोतेरं झालं होतं, चुलीजवळची जमीन पुसायला. ताई उठली. पोतेरं धुतलं, पिळलं आणि मॅडमच्या हातात दिलं. पाठीचा भाग अजून धड होता. मॅडमनी तेवढा कापून माझ्या कुर्त्याच्या दोन्ही कुशींत पट्ट्या घातल्या, आणि त्या पट्ट्यांनाही आतून दोन बोटं माया ठेवली. ताई दाराला टेकून शेवटच्या टाक्यापर्यंत पाहत उभी होती. तिला कोणी परत शाळेत घातलं नाही. तिचं वय निघून गेलं होतं.

शाळेत मुलींनी मला 'ठिगळवाली' नाव ठेवलं. मी मॅडमकडं रडत गेले. त्या सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हसू दे. त्यायच्या कपड्यात माया नाही. पुढल्या साली येतीन इथंच." आल्या. नववीत निम्म्या वर्गाच्या कुशींत पट्ट्या होत्या.

गणवेश गावातल्या बायांकडून, माया ठेवून शिवून घ्या, असं मॅडम दरवर्षी शाळेच्या सभेत मांडायच्या आणि दरवर्षी हरायच्या. एकदा समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, जग कुठं चाललं अन् तुम्ही शिलाई धरून बसल्या."

"जग कुठं चाललं ते नाल्यात दिसते, भाऊ," मॅडम म्हणाल्या. सभा हसली आणि रेडिमेडचाच ठराव झाला.

मी कॉलेजात असताना त्यांच्या पोटात गाठ निघाली. यवतमाळ, मग नागपूर, मग पुन्हा घर. भेटायला गेले तर खाटेवर बसून स्वतःचे कुर्ते आत घेत होत्या. अंगावर राहतच नव्हते ते. मी म्हटलं, "मॅडम, राहू द्या ना आता." तर म्हणाल्या, "माया सोडता येते तशी आत बी घेता येते. हे तुमाले शिकवाचं राहूनच गेलं." मग जरा थांबून, "एकच कपडा असा हाय बेटा, ज्याले शिलाई नाही अन् माया बी नाही. त्यात वाढाचं नसते." मला हसता आलं नाही. त्या हसल्या, आणि हसता हसता पोट धरून वाकल्या.

मे महिन्यात त्या गेल्या. आत घरातल्या बाया कफनासाठी पांढरं सुती कापड फाडत होत्या, त्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. मॅडमना बाहेर आणलं तेव्हा मी जवळ गेले. सवयीनं माझी बोटं कापडाच्या कडेला गेली आणि ती कड उलटवून पाहिली. आत काही नव्हतं. कुणीतरी हळूच माझा हात बाजूला केला.

जूनमध्ये शाळेची सभा होती. धाकटी तेव्हा नववीत जात होती, म्हणून मी तिची पालक होऊन गेले. मॅडमचीच मागणी पुन्हा मांडली. तेच गृहस्थ म्हणाले, "तू कोण वं?" मी म्हटलं, "पालक. बी.ए. झाली आहे. आमच्या घरातली पहिली." आणि धाकटीचा कुर्ता टेबलावर उलटा करून ठेवला. माझाच होता तो, कुशीत ताईच्या पट्ट्या असलेला. मी फक्त शिलाई उसवून माया सोडली होती. तो हातोहात फिरला. या वेळी कोणी हसलं नाही.

आता आमच्या शाळेचा गणवेश सुती असतो, गावातल्या बाया शिवतात आणि आत दोन बोटं माया असते. धाकटीनं मात्र दहावी त्याच जुन्या कुर्त्यात दिली आणि ती पास झाली.