देरी मॅडम

आमच्या मॅडम उभ्या आयुष्यात कुठे उशिरा पोचल्या नाहीत, आणि नोकरीभर त्यांनी संशोधन केलं ते उशिरावर. रायपूरच्या आमच्या कॉलेजात पोरं त्यांना ‘देरी मॅडम’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि माझ्या मते आवडतही होतं.

त्यांचा विषय अँटेनाचा. एका रांगेत लहान लहान अँटेना. प्रत्येकीला तोच संदेश प्रकाशाच्या रूपात काचेच्या तंतूतून पाठवायचा, फक्त कुणाला लांब वेटोळ्यातून, म्हणजे किंचित उशिरा. ज्या बाजूला उशीर, त्या बाजूला लहरींचा झोत वळतो. अँटेना जागची हलत नाही. “कवायतीत रांग वळते तशी,” मॅडम सांगायच्या. “एका टोकाचे पोट्टे हळू चालले की रांग तिकडं वळते. काहून इतकं कठीण करून राहिली तू?”

उशीर न करता नुसती लहरींची फेज बदलूनही झोत वळतो, पण मग प्रत्येक फ्रिक्वेन्सी थोडी वेगळ्या दिशेला पांगते. मॅडमना पांगलेलं काहीच खपत नसे. तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी सगळ्यांनी एकदमच जेवायला बसायचं, पाहुण्यांनीसुद्धा. मुलगा हिंदीत कुरकुरायचा, मॅडम मराठीत वाढायच्या.

त्या निवृत्त झाल्या की प्रयोगशाळाही बंद करायची, असं वरती घाटत होतं. कॉलेजने नेमलेली एक समिती प्रात्यक्षिक पाहून काय ते ठरवणार होती. माझी पीएचडी अजून अर्ध्यावर होती. प्रात्यक्षिकाच्या सकाळी मॅडमनी प्रयोगशाळेतल्या साहू भैयांना पंख्याच्या घरघरीत सांगितलं, “भैया, लंबे वाले सब देरी साइड लगा दो.” आमची देरीची बाजू उजवी ठरली होती.

“हव मॅडम,” भैया म्हणाले.

समिती आली. उजवीकडे ठेवलेल्या रिसीव्हरवर शुकशुकाट. साहेब लोक एकमेकांकडे पाहू लागले. मॅडमनी जाऊन वेटोळी पाहिली. लांब वेटोळी सगळी डावीकडे.

“भैया, मैंने क्या बोला था?”

“डेरी साइड, मॅडम.”

छत्तीसगढीत डेरी म्हणजे डावी! मॅडम समितीदेखत खळखळून हसल्या. मग मला म्हणाल्या, “पाहून काय राहिली? रिसीव्हर तिकडं ने.” नेला. एकूण एक फ्रिक्वेन्सी तिथे, एकाच जागी, ठणठणीत. “गेलं चुकीच्या बाजूला,” मॅडम समितीला म्हणाल्या, “पण सगळं मिळून गेलं. आम्हाला हेच दाखवायचं होतं.”

प्रयोगशाळा राहिली. निवृत्तीच्या दिवशी किल्ली माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “आता मले विचारायले येऊ नको. चुकलं तर कुठं चुकलं ते तूच शोध.” आणि खरंच, त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मला त्याचा रागही यायचा.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. फोन आला तेव्हा मोजणी चालू होती. मी ती थांबवली नाही. मध्येच सोडलेलं काम त्यांना आवडलं नसतं. साहू भैया आकडे वाचत होते, मी लिहीत होते, आणि आम्ही दोघंही रडत होतो.