बेलसरे मॅडमचे काळे कार्ड

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर आईवडिलांनंतर मी एकच नाव घेतो: सुनंदा बेलसरे. भोपाळला आमच्या कारखान्याच्या वित्त विभागात त्या माझ्या वरिष्ठ होत्या. वरूडच्या शाळेतून आणि अमरावतीच्या कॉलेजातून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर असा मी त्यांच्या समोरच्या टेबलाशी येऊन बसलो. पुढे माझे जे काही भले झाले, ते त्या टेबलामुळे.

त्यांची एक सवय सगळ्या सेक्शनला पाठ होती. जेवणाच्या सुट्टीत डबा बंद केला की त्या पर्समधून फोन काढत, चष्मा कपाळावर सरकवत, फोन अगदी डोळ्यांजवळ नेत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगत, "निखिल आज हैदराबादला आहे." कधी सांगत, "काल रात्री बाहेरच जेवला. घरी काही केलं नाही वाटतं." निखिल हा त्यांचा एकुलता मुलगा, बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत. आम्हाला त्या मुलाचे फार कौतुक वाटे. शेजारच्या टेबलावरचे तिवारीजी म्हणत, "मॅडम, हमारे वाले को भी सिखाइए. वो तो पैसे खतम होने पर ही माँ को याद करता है." मॅडम हसत आणि फोन पर्समध्ये ठेवून देत.

माझी आणि त्यांची खरी ओळख कारखान्याच्या गेटवर झाली. पगाराच्या आठवड्यात तिथे क्रेडिट कार्ड विकणारी मुले छत्री लावून उभी असत. टाय लावलेल्या एकाने मला 'सर' म्हटले. मला तोवर कोणी सर म्हटले नव्हते. हे ऑफिसर लोकांचे कार्ड आहे, विमानतळाच्या लाउंजमध्ये जेवण मोफत, खर्चावर दुप्पट पॉइंट, पहिले वर्ष फी माफ, असे तो सांगत गेला आणि मी पेन हातात घेतले. मागून आवाज आला, "बेटा, ये एअरपोर्ट कब गए थे, पूछा इनसे?" मॅडम होत्या. मुलगा हसला, पण पेन त्याने माझ्या हातात तसेच राहू दिले. मॅडमनी फॉर्म ओढून घेतला, पट्टी ठेवावी तसे बोट एका बारीक ओळीखाली ठेवले आणि मला म्हणाल्या, "वाच." मी इंग्रजीत वाचले. "आता मराठीत सांग." मला सांगता येईना. "मराठीत सांगता येत नाही म्हणजे कळलेलं नाही. न कळलेल्यावर सही करायची नाही." ती ओळ दुसऱ्या वर्षापासूनच्या फीची होती.

दुसऱ्या दिवशी त्या मला स्वतः बँकेत घेऊन गेल्या. छोटी मुदत ठेव ठेवून तिच्यावर मिळणारे साधे कार्ड त्यांनी मला घ्यायला लावले. फी नाही, लाउंज नाही. विजेचे बिल भरले, किराणा घेतला की त्यातले थोडे पैसे पुढच्या बिलात वजा होऊन येत. मला जरा हिरमुसल्यासारखे झाले. ऑफिसर लोकांचे कार्ड हुकले होते. परत येताना मॅडम म्हणाल्या, "रुपया परत आला तर तो रुपयाच असतो. पॉइंट ही त्यांनी छापलेली नोट आहे, इंगळे. तिची किंमत सोमवारी ते एक ठरवतील, मंगळवारी दुसरी."

हेच त्यांनी माझ्या अभ्यासाचेही केले. कॉस्ट अकाउंटिंगची परीक्षा देण्याइतके माझे इंग्रजी नव्हते आणि बॅचलर हॉस्टेलमध्ये अभ्यासाला शांतता नव्हती. त्यांनी आपल्या क्वार्टरची पुढची खोली मला दिली. संध्याकाळी मी तिथे बसे, आणि त्या आत कणीक मळता मळता विचारत, "आज काय वाचलंस? मराठीत सांग." मी पास झालो, पुढे अधिकारी झालो. वडिलांना फोन केला तेव्हा त्यांनी विचारले होते, "बाईंना सांगितलं का आधी?"

एक गोष्ट मात्र मला उमगत नसे. इतरांना पॉइंटांपासून वाचवणाऱ्या मॅडमच्या पर्समध्ये बँकेचे सगळ्यांत महागडे, काळे कार्ड होते. त्या विमानात कधी बसलेल्या नव्हत्या. पॉइंट मुदत संपून बुडायला लागले की घाईघाईने काहीतरी मागवत. एक मिक्सर आला, एक चाकांची बॅग आली, ती वर्षानुवर्षे प्लास्टिकमध्येच होती. मी एकदा विचारलेच. त्या म्हणाल्या, "माझं वेगळं आहे." आणि व्हाउचरची फाइल पुढे सरकवली.

त्या निवृत्त व्हायच्या महिन्यात मी सामान बांधायला त्यांच्या घरी जात होतो. क्वार्टर सोडायचे होते. आनंद नगरला दोन खोल्या भाड्याने ठरल्या होत्या. पेन्शनमध्ये कसे भागवायचे याचा विषय निघाला, आणि मला वाटले, उपकार फेडायची हीच संधी आहे. जुन्या कॅलेंडरच्या मागे मी त्यांचे कार्ड आणि माझे कार्ड शेजारी शेजारी मांडले. त्यांची वार्षिक फी, वर कर. ती माफ व्हायची तर वर्षभरात एवढा खर्च करायचा की तेवढी त्यांची पेन्शनही नव्हती. पॉइंट विमानाच्या तिकिटांत मोडले तर चांगले, वस्तूंत मोडले तर निम्म्याहून कमी. तेच पैसे माझ्या साध्या कार्डावर खर्च केले असते तर थोडे, पण सरळ परत आले असते. मी सगळे मराठीत समजावून सांगितले. त्या परीक्षकासारख्या ऐकत होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही."

तेवढ्यात फोन वाजल्यासारखा झाला. त्यांनी चष्मा वर केला, वाचले, आणि पहिल्यांदाच फोन माझ्याकडे दिला. मेसेज बँकेचा होता. त्यांच्या कार्डाला जोडलेल्या दुसऱ्या कार्डावर बंगळूरच्या एका औषधाच्या दुकानात खर्च झाला होता. मी मेसेज वर सरकवत गेलो. हैदराबाद विमानतळ, एक हॉटेल, पेट्रोल पंप, पुन्हा औषधाचे दुकान. सगळे बँकेचे. निखिलचा एकही नाही.

मग त्यांनी सांगितले. निखिल कॉलेजात असताना त्यांनी त्याला आपल्या कार्डावर जोडकार्ड काढून दिले होते. त्याच्या प्रत्येक खर्चाचा मेसेज मूळ कार्डवाल्याला, म्हणजे त्यांना येई. तो नोकरीला लागला, त्याने आईला बंगळूरला बोलावले. मॅडम महिन्याची रजा घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात परतल्या. नवऱ्याच्या मागे त्याच्या जागेवर कारकून म्हणून लागून त्यांनी इथे उभे केलेले सगळे सोडून, मुलाच्या घरात संध्याकाळची वाट बघत बसणे त्यांना जमेना. फोनवर तो म्हणाला, "आई, तुला मी नको, क्वार्टर पाहिजे." त्या म्हणाल्या, "तसं समज."

त्यानंतर दोघांपैकी कोणी फोन केला नव्हता. कार्डही कोणी परत केले नव्हते.

"त्याच्या खर्चाचे पैसे एक तारखेला माझ्या खात्यात येतात, अगदी पै न् पै," त्या म्हणाल्या. "मागायला फोन करावा, तर तेवढीही जागा ठेवत नाही मेला."

आता मला सगळे कळले. मूळ कार्ड बंद केले की जोडकार्डही बंद होते. आणि एखादे कार्ड वापरणाऱ्याला न कळवता ते बंद करायचे, दुकानात त्याची चारचौघांत अडचण करायची, हे त्यांना शक्यच नव्हते. बंद करायचे तर बोलायला हवे. बोलायचे नाही तर दरवर्षी फी भरायला हवी. इतकी वर्षे पगारातून त्या फी भरत आल्या होत्या. पेन्शनमधून ते झेपणार नव्हते, आणि पुढची फी दोन महिन्यांवर आली होती.

त्यांनी कॅलेंडरच्या त्याच कागदाच्या कोपऱ्यावर एक नंबर लिहिला. "तूच सांग त्याला. कार्ड बंद होतंय, दुसरं घे, एवढंच सांग. तू चांगलं समजावतोस."

मी तो कागद उचलला नाही. त्या वाट पाहत राहिल्या.

"मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, इंगळे."

ते खरे होते. त्यांनी जीव मागितला असता तरी मी हो म्हणालो असतो. पण मी म्हणालो, "मॅडम, हे मी नाही सांगणार. मी सांगितलं की तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलायचं कारणच उरणार नाही."

त्या उठल्या आणि उरलेली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळू लागल्या. त्या दिवशी चहा झाला नाही. निरोप समारंभात त्यांनी माझ्या हातून गुच्छ घेतला, पण बोलल्या तिवारीजींशी. आनंद नगरच्या घरी मी दोनदा गेलो. दारातूनच बरे आहे म्हणाल्या. फी त्या वर्षी ग्रॅच्युइटीतून गेली. मग माझी बदली नागपूरच्या साइट ऑफिसला झाली. भोपाळच्या हबीबगंज स्टेशनवर गाडीत बसताना फोन केला, तो त्यांनी घेतला नाही. पुढेही घेतला नाही. शेवटी मी पोस्टाने पत्र पाठवले.

त्याला उत्तर आले नाही. पण पुढच्या फीच्या आधी एके दिवशी दुपारी त्यांचा मेसेज आला: "कार्ड बंद केलं." एवढेच. त्यांचा स्वभाव माहीत असणाऱ्याला आणखी काही कळवायची गरज नव्हती. मी ऑफिसातून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर त्या थोडीच वर्षे होत्या. राहिल्या आनंद नगरलाच. बंगळूरला गेल्या नाहीत, पण निखिल येत राहिला. शेवटी तो त्यांच्याजवळ होता. दहाव्याला मी गेलो तेव्हा त्याची माझी पहिल्यांदा भेट झाली. शांत, चष्मा लावणारा माणूस. कार्ड बंद करण्याआधी मॅडमनी त्याला केलेल्या फोनबद्दल तो म्हणाला, "आईनं नाव न सांगता सुरुवात केली. आपल्याकडे असलेलं जोडकार्ड अमुक तारखेपासून चालणार नाही, कृपया नोंद घ्यावी. मला वाटलं बँकेतून बोलतायत. मी म्हटलं, मॅडम, एकदा माझ्या आईला विचारून घ्या, कार्ड तिचं आहे. मग बराच वेळ पलीकडून काही आवाजच आला नाही."

आधी कच्चे लिहायचे, मग पक्के, ही शिस्त मला मॅडमनीच लावली. त्यामुळे त्या पत्राचा मसुदा माझ्याकडे राहिला. तो असा:

आदरणीय मॅडम यांस, सादर प्रणाम.

आपण फोन घेत नाही म्हणून लिहीत आहे. मी इथे ठीक आहे. काम बरे आहे, मेसचे जेवण तिखट आहे. बाबा आपली चौकशी करतात. आपण रागावला आहात हे मी त्यांना सांगितले नाही. ते चूक माझीच धरतील.

त्या दिवशी मी नाही म्हणालो, त्याबद्दल क्षमा मागायला हे पत्र नाही. आजही विचाराल तर नाहीच म्हणेन. माझ्याजवळ आहे ते सगळे आपण दिलेले आहे, आणि त्यातले काहीही परत मागितलेत तर मी देईन. पण हा निरोप माझा नाही.

मी कॅलेंडरवर जे मांडले होते त्यात एक बाजू राहून गेली. निखिलला आता कुठलेही कार्ड मिळेल. आपल्यापेक्षा मोठे मिळेल. तरी तो औषधसुद्धा आपल्याच कार्डावर घेतो. त्याला ठाऊक आहे मेसेज कोणाला जातो. मला वाटते, तोही तिकडे फी भरतो आहे.

मॅडम, फोन करा. पहिले वाक्य सुचले नाही तर कार्डाचेच बोला. दुसरे वाक्य त्याला बोलू द्या.

आपला,
इंगळे