गार्डमामांचा वाटा

मटणाच्या जेवणानंतर गार्डमामांच्या ताटाकडे कुत्रंही बघत नसे. हाडं ते अशी फोडून, चोखून ठेवत की त्यांत काही उरलेलंच नसायचं. शेजारच्याच्या ताटात रस्सा राहिला तरी यांचं लक्ष आपल्या जेवणावरून उडे. "गुरुजी, त्येचा जीव गेलाय. आता पोटात तरी जाऊ दे," असं म्हणत, आणि मी मुकाट्याने भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून घेई.

नव्वदच्या दशकात मी गगनबावड्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होतो आणि ते जंगलखात्यात गार्ड. दोघांचीही घरची माणसं गावाकडे, म्हणून एकच खोली भाड्याने घेतली होती. मामा मूळचे गारगोटीकडचे. त्यांचे वडील पंचक्रोशीतले नावाजलेले शिकारी. बंदी येण्याआधीच्या त्या शिकारीतून मामा एकच कायदा शिकले होते. मारलेलं वाया घालवायचं नाही. घराघराचे वाटे घालायचे, हाक्याला, म्हणजे रान उठवायला, आलेल्या कुत्र्यांचाही घालायचा, आणि वाटे चालू असताना वाटेने जो कोणी येईल त्यालाही द्यायचा. ज्याच्या हातून मांस नासेल त्याला पुढे वाटा नाही. अशा बापाचा मुलगा शिकारी पकडायच्या नोकरीत गेला म्हणून मी त्यांची थट्टा करत असे. "बानं जेवढी मारली तेवढी तरी राखतो की," ते म्हणायचे.

एका उन्हाळ्यात चार कॉलेजच्या पोरांनी ओढ्याच्या डोहात सुरुंगाची दारू उडवली. मोठे मासे पिशवीत भरले आणि बोटभर मासळी पाण्यावर तरंगत सोडून निघाले. मामांनी त्यांना परत कमरेएवढ्या पाण्यात उतरवलं. हाती लागेल तो शेवटचा मासा निघेपर्यंत वर येऊ दिलं नाही, आणि मग ती मासळी घरोघर वाटायला लावली. हा कुठला कायदा, असं एकाने विचारलं. "माझ्या बाचा," मामा म्हणाले.

तो कायदा त्यांच्याच हातून मोडला, त्या दिवशी मी तिथे हजर होतो. शिमगा होऊन आठवडा झाला होता. डोंगरावरच्या वाडीत रानडुक्कर मारल्याची खबर मामांच्या खात्यातल्या साहेबांना लागली. त्यांनी जीप काढली, मामांना घेतलं आणि पंच म्हणून मला. आम्ही पोचलो तेव्हा बाळबा नावाचा म्हातारा वाटे घालत होता. केळीच्या पानांवर चौदा घरांचे चौदा वाटे मांडून झाले होते. जीप पाहून तरणी पोरं पळाली. बाळबा बसून राहिला. मग त्याने शांतपणे आणखी तीन पानं मांडली आणि प्रत्येक वाट्यातलं थोडं थोडं काढून त्यांवर ठेवलं.

"पावणं, वाट्याच्या टायमाला आलासा. घ्या की."

साहेब माणूस वाईट नव्हते. जप्त केलेलं मांस कुणाच्या पोटात जाता कामा नये, पंचनामा करून जागेवर जाळायचं, असा नियमच होता. मामांना तो पटलेलाही होता. जप्तीचं मांस खायला मिळू लागलं तर उद्या जप्तीसाठीच शिकार होईल, हे त्यांनीच मला कधीतरी समजावलं होतं. पण त्या दुपारी रॉकेलचा डबा हातात घेऊन ते नुसते उभे राहिले.

"सायेब, निदान बारक्या पोरांपुरतं..."

"मामा, तुमचीही नोकरी जाईल आणि माझीही," साहेब म्हणाले.

"मला न्ह्या की जीपमधनं," बाळबा म्हणाला. "त्येला कशाला जाळतासा?"

सतराच्या सतरा वाटे मामांनी पानांसकट एका ढिगात ओढले आणि पेटवले. वाडीतली पोरं धुराच्या बाजूलाच उभी होती, हलत नव्हती. मी पंचनाम्यावर सही केली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, याची मला अजून लाज वाटते.

केस बाळबावर झाली आणि काही वर्षं कोर्टाच्या खेपा घालून तो सुटला. मामांची सुटका मात्र झाली नाही. वाटे जाळले त्याच वर्षी वाडीच्या देवीच्या जत्रेला ते बोलावणं नसताना वर गेले. बकरं कापलं होतं. सगळ्यांच्या पानांवर मटण पडलं, मामांच्या पानावर भाकरी आणि चटणी.

"तुमचा वाटा तुमी जाळलासा, मामा," बाळबा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

मामांनी ती भाकरी खाल्ली आणि उतरून आले. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. रिटायर होऊन गारगोटीला गेल्यावरही जत्रेला एसटीने येत राहिले. त्या सगळ्या वर्षांत दुसरीकडे कुठे त्यांनी मटणाला हात लावला नाही. मला राग यायचा. लोक पंगतीत अपमान करतात आणि तुम्ही तिकीट काढून जाता, असं मी एकदा बोललो.

"अपमान न्हाय, गुरुजी. शिक्षा हाय. ती घ्यायला आपणच जायाचं असतंय. वाडी म्हणंल तवा सुटका."

मलाही ते दरवर्षी चला म्हणत. मी कधी पेपर तपासायचे आहेत सांगे, कधी पाहुणे आलेत. आपण फक्त सही केली, जाळलं नाही, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती.

दहाव्या की अकराव्या जत्रेच्या आठ दिवस आधी मामा झोपेतच गेले. वाडीला ते कळवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जत्रेच्या दिवशी मीच वर गेलो. बाळबाला आता नीट दिसत नव्हतं, तरी वाटे तोच घालत होता. मी सांगितलं. त्याचे हात थांबले.

"औंदा घालणार हुतो की त्येंचा वाटा," तो म्हणाला. "वाडीनं ठरीवलंतं."

बाजूला एक पान वेगळं मांडलेलं होतं. त्यावर मटण वाढलेलं होतं. ते देवीपुढे ठेवा, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"देवीचं झालं. ह्यो आता वाटेनं येणाऱ्याचा. बसा."

"बाळबा, त्या पंचनाम्यावर माझी सही आहे."

"ठावं हाय. पर टाकायचं न्हाय."

मी बसलो. पानात काही ठेवायची सोय नव्हती. सगळं संपवलं. शेवटचं हाड मामांसारखं फोडून, चोखून पाहिलं, तरी त्यात थोडं राहिलंच. ते मला कधीच जमलं नव्हतं.