काटा मधेच होता

आबा, आमचे वडील, दुपारी वारले. मी सावद्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मधल्या वेळात मी कुठे होतो, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला नाही, भाऊलाही नाही. भाऊला आता सांगता यायचं नाही. या हिवाळ्यात तोही गेला.

हे लिहायला बसलो की मी उठतो. पाणी पितो, खिडकी लावतो, पुन्हा उघडतो. मुलांना इतिहास शिकवण्यात माझी वर्षं गेली, कोणत्या गोष्टीला कोणती गोष्ट कारण झाली हे मी फळ्यावर नीट मांडून दाखवत आलो — आणि एका दुपारचं मला मांडता येत नाही? येतं. मांडायचं नसतं, एवढंच.

तेव्हा आधी गाडीचं सांगतो. ते सोपं आहे.

भाऊ माझा मोठा भाऊ. सावद्याला आमची केळी, ती तोच बघायचा. त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती. धुळ्यात मी घर बदलत होतो, तेव्हा माल घेऊन आला आणि गाडी माझ्याकडे ठेवून एसटीनं परत गेला. "तुह्यी पुस्तकं हलव सावकाश. केळीपेक्षा जड असतीन ती," म्हणाला. जाताना त्यानं मला स्टेअरिंगमागचा तापमानाचा काटा दाखवला. काटा मधे असला की चालत राहायचं. वर चढायला लागला, लाल दिवा लागला, की गाडी सावलीला घ्यायची, बोनेट उघडायचं आणि वाट पाहायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात काढायचं नाही. मागे एकदा बोदवडच्या रस्त्याला गाडी तापली होती, तेव्हापासून तो सांभाळून असायचा. मी सगळं लक्ष देऊन ऐकलं. फार लक्ष देऊन ऐकलं, असं आता वाटतं.

त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "बापू, निघ. आबा तुह्यीच वाट पाहून राह्यले. कोणाच्याच हातचं पाणी घेत नाही."

मी निघालो. मे महिना होता. फागणे गेलं, पारोळा गेलं. संध्याकाळी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. त्यांनी मला वाट करून दिली आणि मी काही बोलायच्या आधीच भाऊ सगळ्यांना सांगू लागला — गाडी तापली रस्त्यात, पोरगा उन्हात अडकला, माझीच चूक, मीच असली गाडी त्याच्या गळ्यात घातली.

मी मान हलवली.

तेराव्यानंतर भाऊनं मला ओट्यावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. काटा हळूहळू चढला का एकदम? हे विचारण्यात अर्थ होता, तो मला नंतर कळला. एकदम चढला तर पट्टा तुटलेला असतो किंवा वायरीत घोटाळा असतो, हळूहळू चढला तर रेडिएटर तुंबलेला. मी हळूहळू म्हणालो. का? हळूहळू हा शब्द मला खरा वाटला. त्यानं रेडिएटर उतरवून भुसावळला साफ करून आणला. आतून फारसं काही निघालं नाही. पुढच्या वेळी त्यानं विचारलं, वाफ आली होती का? मी थोडी म्हणालो. थोडी वाफ म्हणजे हेड गॅस्केट असू शकतं, असं कुणीतरी त्याला सांगितलं. त्यानं इंजिन उघडलं. गॅस्केट चांगलं होतं, तरी बदललं. मग थर्मोस्टॅट बदलला. मग पाण्याचा पंप. माझा एकेक शब्द घेऊन तो मिस्त्रीकडे जायचा आणि मी त्याला दर खेपेला नवा शब्द द्यायचो. नुसतं आठवत नाही म्हणता आलं नसतं का?

एकदा त्यानं विचारलं, "हीटर लावून पाह्यला होता?" मी नाही म्हणालो. गाडीत हीटर आहे हेच मला ठाऊक नव्हतं. भाऊ कपाळाला हात लावून बसला. इंजिन तापलं की आतला हीटर पुरा सोडायचा, इंजिनातली गरमी काही प्रमाणात आत निघून येते, माणूस उकडतो पण गाडी चालत राहते. हे सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. "एवढं सांगेल असतं तर तू पोचला असता रे," तो म्हणाला. नंतर ते वाक्य मी त्याच्या तोंडून पाहुण्यांसमोर ऐकलं, शेजाऱ्यांसमोर ऐकलं. दर वेळी मी तिथेच बसलेला असायचो.

मग कुणीतरी चाळीसगावचा एक मिस्त्री सांगितला. धुळ्याहून मीही गेलो. मिस्त्रीनं गाडी दिवसभर ठेवून घेतली, फिरवली, उभी करून चालू ठेवली. शेवटी सगळं तपासून, गाडीत दोष नाही म्हणून हात पुसत भाऊला म्हणाला, "भाऊ, मी बठ्ठं दखी लिधं. हाई गाडीले काहीच व्हयेल नई शे." आणि माझ्याकडे बोट करून हसला, "गाडी तापनी नई, डायवर तापना व्हई!"

भाऊही हसला. "मास्तर आहे तो. त्याले राग येत नाही, त्याले पुस्तक येतं." परतीच्या वाटेवर तो बराच वेळ हसत होता. मला वाटलं, आता सुटलो. हे खूळ आता त्याच्या डोक्यातून जाईल.

गेलं नाही. पुढच्या मे महिन्यात तो धुळ्याला आला, गाडीत केळी भरलेली. म्हणाला, चल, तीच वेळ आहे, तसंच ऊन आहे, वजनही टाकलं आहे, कुठे तापली ते दाखव. मला नाही म्हणता आलं नाही. पारोळ्याच्या पुढे, एरंडोलच्या अलीकडे, रस्त्यालगत एक कडुनिंब आहे. मी ते दाखवलं.

"हेच झाड?"

"हेच."

तो तिथून मागे वळला, पुन्हा आला, पुन्हा मागे वळला. काटा मधेच. भाऊच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो त्या काट्याशी बोलत होता. "चढ ना माय. तवा बरी चढली. आज काय झालं तुले?" तो दोष शोधत होता. दोष सापडला असता तर त्याला निदान हे कळलं असतं की नेमकं काय करायचं राहिलं होतं. आणि मी? मीही काट्याकडेच बघत होतो. तो चढावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले होते. त्या एका वेळी जरी तो चढला असता तर माझं खोटं खरं ठरलं असतं.

आता ते झाड.

गाडी तापली नव्हती. लाल दिवा लागला नव्हता. धुळ्यापासून त्या झाडापर्यंत काटा मधे होता आणि मी गाडी कडेला घेतली. मला आबांना मरताना बघायचं नव्हतं. याहून जास्त काही नाही. त्यांचं डोकं मांडीवर घ्यायचं, चमच्यानं पाणी घालायचं, ते घशाखाली उतरतं का बघायचं — मला ते नको होतं. मी बसून राहिलो. सीटवर एक पुस्तक होतं. ते मी उघडलं. हो, मी वाचलं. किती वाचलं ते आठवत नाही, पण पानं उलटली.

मग भाऊचा फोन आला, कुठे आहेस म्हणून. मी म्हणालो, गाडी तापली.

त्यानंच शिकवलेलं सगळं मी त्याला परत ऐकवलं — काटा चढला, दिवा लागला, बोनेट उघडलं आहे. घरात फोन नीट लागायचा नाही, म्हणून तो बोलत बोलत अंगणात आला. झाकण उघडू नको, भाजशील. फडकं ओलं कर. सावलीत बस. पाणी कुठे ओतायचं, किती ओतायचं, तो सांगत राहिला आणि मी हूं हूं करत राहिलो. फोन ठेवायला मला भीती वाटत होती. ठेवला असता तर निघावं लागलं असतं. मीच एकेक प्रश्न काढून त्याला बोलता ठेवला.

तेवढ्यात आतून वहिनीची हाक मला फोनमधून ऐकू आली.

आबांच्या तोंडात शेवटचं पाणी वहिनीनं घातलं. दोन मुलगे असून त्या वेळी एकही जवळ नव्हता. एक झाडाखाली होता. दुसरा, ज्यानं त्यांचं सगळं केलं, उठवलं, बसवलं, धुतलं, तो अंगणात उभा राहून माझं इंजिन थंड करत होता. आपणही आत नव्हतो, याबद्दल भाऊ मला जन्मात एका शब्दानं बोलला नाही. तो माझ्याच चुकलेल्या भेटीबद्दल बोलायचा.

जळगावच्या दवाखान्यात त्याचे शेवटचे दिवस होते. वहिनी औषध आणायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघेच. तो म्हणाला, "बापू, तेवढं राहून गेलं रे. तुले आबाचं तोंड पाहू नाही दिलं मी."

सांगायला याहून चांगली वेळ कोणती होती? दार लोटलेलं होतं. तो शुद्धीत होता. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "भाऊ, सोड ते. मी मनात काही ठेवलेलं नाही."

मी त्याला माफ केलं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं माझे आभार मानले.

भाऊ नाही. पिकअप वहिनीच्या दारात असते, पुतण्या ती चालवतो. गाडी तापते असं तो सगळ्यांना सांगतो, आणि निघताना मागे पाण्याचे कॅन ठेवतो. मी सावद्याला गेलो की ते भरून द्यायला त्याला मदत करतो.