शिंगं, कवट्या आणि रफिकचाचा

पेंटरच्या दुकानात दोन गोष्टी साचतात: वाळलेल्या रंगाचे डबे आणि किस्से. डबे निदान फेकता येतात!

शेलूबाजारला रफिकचाचांचं दुकान आहे. जीपवर नावं टाकणं, पाट्या रंगवणं. माझे बाबा जीप चालवायचे. ते गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. घरी रडताच येईना, म्हणून चाचांकडे काम शिकायला जाऊ लागले. कानात सतत हेवी मेटल. तो गायक माझ्या वाटणीचं ओरडायचा आणि मला बरं वाटायचं.

*

एकदा चाचांनी माझा एक इयरफोन स्वतःच्या कानात घातला आणि दचकलेच.

"बेटा, याले कोनी मारून राह्यलं का?"

"नाही चाचा, गाऊन राह्यला."

पाच मिनिटं मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "ढोलवाला मेहनती हाय!"

*

त्या गाण्यांतूनच माझ्या कवट्या आल्या. "काहीतरी डेंजर काढ," म्हणाला एक जीपवाला. मी कवटी, ज्वाळा, शिंगं, सगळं काढलं. दुसऱ्या दिवशी तो हजर!

"ताई, गाडीत कोनी बसूनच नाही राह्यलं! एक बुढी म्हने, मले मंगरूळपीरले जायचं हाय, वर नाही!"

चाचांनी शांतपणे कवटीला फेटा बांधला, मुंडावळ्या काढल्या. "घे, नवरदेव झाला." त्या लग्नसराईत त्या जीपला उसंत मिळाली नाही.

*

एक दिवस पाटीवर रेघ ओढता ओढता मी चाचांना सांगून टाकलं, की मला मुलीच आवडतात. शाळेपासून.

"आईले सांगतलं?"

"नाही. बाबा गेले. आता तीबी तुटली तं?"

चाचांनी माझ्या थांबलेल्या ब्रशकडे बघितलं. मग म्हणाले, "रेघ पुरी कर आधी. मधात थांबली का जोड दिसते."

*

दुकानाच्या शटरवर मी बाबांना रंगवलं. जीपच्या स्टिअरिंगवर, मागे ज्वाळा, डोक्याला शिंगं. आई बघायला आली.

"तुह्या बाबाले शिंगं कायले?"

"मेटल हाय ते, आई."

"शिंगं राहू दे. मिशी जाड कर. त्याईची जाड होती."

मिशी जाड करताना मी पहिल्यांदा रडले. भर बाजारात, ब्रश हातात धरून. आईपण रडली.

*

त्याच आठवड्यात आईला सांगितलं. दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता. मी जेवले नाही.

आमच्याकडे जीपच्या मागे लेकराचं नाव टाकतात. पोराचं लग्न झालं, की शेजारी सुनेचं.

तिसऱ्या दिवशी आई ड्रायव्हरला घेऊन दुकानासमोर उतरली. बाबांचीच जीप. माझ्याकडे बघितलंही नाही.

"रफिकभाई, मांगून पोरीचं नाव टाका. कोमल."

चाचांनी खडूनं बरोबर मध्यावर खूण केली.

"मधात नोका घेऊ," आई म्हणाली. "डाव्या अंगाले घ्या. सुनेले जागा लागन!"