शोभाताईंनी जाळलेली फाईल

पांढुर्ण्यात एखादी गोष्ट बावीस वर्षं लपवून ठेवणं म्हणजे खायचं काम नाही. मुलीला घेऊन फलाटावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभं राहिलं, की चार जण विचारतात, "कोणाले दाखवाले चालले वो?" शोभाताईंनी ते करून दाखवलं. राग येतो या बाईचा, आणि दयाही येते.

त्यांची उर्मिला तेरा वर्षांची झाली तरी उंची वाढेना, म्हणून त्यांनी तिला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी पोरीला बाहेर बसवून सांगितलं, की हिच्यात जन्मापासूनच एक गुणसूत्र कमी आहे, टर्नर सिंड्रोम म्हणतात त्याला. उंची फार वाढणार नाही, मूल होणं कठीण. "आणि कान जपा. अशा मुलींचे कान बरेचदा हळूहळू जातात. दरवर्षी तपासून घ्या." शोभाताईंच्या डोक्यात मूल न होण्याचंच घोळत राहिलं. कानाचं कोण बघतं? बघायला येणारे रंगरूप बघतात.

घरी त्या नवऱ्यालाही एवढंच म्हणाल्या, "अंगात ताकद कमी हाय म्हणे." झाकली मूठ सव्वा लाखाची! उर्मिला एकोणिसाची झाली, काटोलचे पाहुणे यायचे ठरले, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेली फाईल त्यांनी आंघोळीच्या पेटत्या बंबात घातली. न जाणो, पाहुण्यांतली एखादी बाई कपाट उघडायची. पाहुणे पोहे खाऊन गेले आणि पोरगी बुटकी आहे म्हणून निरोप आला. पुढे आणखी सहा घरांनी तेच सांगितलं. जे झाकायला एवढा आटापिटा केला, तिथवर कोणी पोचलंच नाही.

कान मात्र दर पावसाळ्यात वाहायचा. शोभाताई लसणाचं तेल कोमट करून घालायच्या. नागपूर नको, आणि फलाटावरचे प्रश्नही नकोत.

उर्मिला सौंसरच्या एका खाजगी शाळेत बालवाडीवर लागली. रोज बसने जायची. पोरांच्या गराड्यात तिला शोधावं लागायचं, इतकी ती त्यांच्यातली होऊन गेली. लग्नाचं दुःख तिनं कधीच बाजूला ठेवलं होतं. हा वर्ग हेच तिचं सगळं होतं.

पस्तिशीला आली आणि पोरांचे बारीक आवाज तिच्यापर्यंत येईनासे झाले. ऐकू आलं नाही की ती हसून मान हलवायची. एके दिवशी प्राजक्ता नावाची चिमुरडी तीनदा म्हणाली, "मॅडम, शू आली." तिन्ही वेळा मॅडम हसल्या. पोरगी बाकावरच ओली झाली आणि वर्गभर हसं झालं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील भांडायला आले. मुख्याध्यापिका अलका मॅडमनी उर्मिलाचा वर्ग काढून घेतला. म्हणाल्या, आधी कान दाखवून या.

बावीस वर्षांनी मायलेकी पुन्हा नागपूरला गेल्या. नवीन डॉक्टर मोठ्यानं, सावकाश बोलले. "नस खराब झालीय. मशीननं आवाज वाढेल, पण शब्द कळतीलच असं नाही. लहान मुलांचा वर्ग आता विसरा. वेळेवर आला असतात तर बरंच वाचलं असतं. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाही सर," उर्मिला ठामपणे म्हणाली. "सांगितलं असतं तर माझ्या आईनं जिवाचं रान केलं असतं."

परतीच्या गाडीत शोभाताईंनी ठरवलं, आज हिला सांगायचंच. पायावर डोकं ठेवावं लागलं तरी चालेल.

संध्याकाळी उर्मिला जेवायला बसली. शोभाताई तिच्यासमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, मले माहीत होतं."

"काय?"

"मले माहीत होतं वो."

"मोठ्यानं बोल ना वो आई. काहीच ऐकू येऊन नाही राहिलं."

एकाच विटेच्या भिंतीपलीकडे शेजारच्या प्रेमलताबाई भांडी घासत होत्या. जी गोष्ट नवऱ्याच्याही कानावर घातली नव्हती, ती आता लेकीला सांगायची तर गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडायला हवं होतं. लिहून द्यावं, तर कागद मागे उरतो. भिंतीपलीकडची भांडी थांबली. उर्मिला आईच्या ओठांकडे पाहत होती.

शोभाताईंनी सारा जीव एकवटला आणि ओरडल्या, "पोळी गरम देऊ का?"

"दे," उर्मिला म्हणाली.