खाटेवर बांधलेलं जहाज

आमच्या थोरल्या साडूंइतका दुसऱ्याला हादरवून सोडणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही, हे मी मुक्ताईनगरपासून साक्रीपर्यंत कुठल्याही चौकात उभा राहून छातीठोकपणे सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते धुळ्याच्या एका शाळेत ड्रिल मास्तर आणि मी जळगावात भूगोल शिकवणारा. त्यांना सगळे भाऊ म्हणत, आणि ते मला सरळ 'भूगोल' म्हणत. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला पहिली हाक मारली तीच मुळी "अहो भूगोल, ताठ बसा!" अशी. तोंडात जिलबी होती. मी असा काही दचकून ताठ झालो, की ठसक्यासरशी ती जिलबी समोरच्या पानात. तेव्हापासून भाऊंच्या पुढ्यात मी पाठीला पोक काढायची हिंमत केली नाही.

या माणसाला बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. चहा उभ्यानं, पेपर येरझारा घालत, आणि जेवायला बसलेच तर एक गुडघा उभा, म्हणजे मीठ हवं झालं तर अक्कांना हाक मारण्याआधीच हे स्वयंपाकघरात. अक्का म्हणजे माझी मेहुणी. कुठं बस बंद पडली की ढकलायला भाऊ सगळ्यांच्या पुढं. एकदा तर आम्ही त्या बसमध्ये नव्हतोच हो! बाजारातून पायी येत होतो. यांनी भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि परक्या बसला खांदा लावला. बस सुरू झाली, कंडक्टरनं कौतुकानं यांना आत ओढून घेतलं, आणि भाऊ नरडाण्याला जाऊन संध्याकाळी घरी आले. मी वांगी धरून घाबराघुबरा बसलो होतो. "त्यात काय एवढं? गाव बघून झालं," म्हणाले. विश्राम हा शब्द त्यांच्या लेखी दोन सावधानांच्या मधे श्वास घेण्यापुरता होता.

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास, दिवाळीच्या तोंडावर, शाळेच्या मैदानात भाऊ छातीला हात लावून खाली बसले. भाऊ बसले, एवढ्यावरूनच पोरांना कळलं की प्रकरण गंभीर आहे. डॉक्टरांनी निदान केलं हृदयविकाराचं आणि हुकूम दिला सहा आठवडे पूर्ण विश्रांतीचा. खाटेवरून पाय खाली टेकवायचा नाही. भाऊंनी तो हुकूम तीन दिवस पाळला. चौथ्या दिवशी शेजारच्या मारवाडी शेठजींच्या दारात चहाची खोकी उतरत होती, ते नुसतं बघवेना म्हणून हे उठले, आणि पहिल्याच खोक्यापाशी पांढरे फटक पडून कोसळले. डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा उठले, तर मला बोलावणं पाठवू नका. उपयोग होणार नाही." अक्कांचं मला पत्र आलं, त्यात चारच वाक्यं होती. सुटी लागताच या. हे ऐकत नाहीत. मला फार भीती वाटते. फराळाचा डबा आणू नका.

मी धुळ्याला पोचलो तो मनात कण्हणाऱ्या रोग्याचं चित्र घेऊन. बघतो तर भाऊ उशीला टेकून समोरच्या भिंतीकडं डोळे वटारून बसलेले. भिंतीवर शेठजींच्या दुकानाचं कॅलेंडर, त्यावर शिडांचं मोठं जहाज. "भूगोल," ते म्हणाले, "चार दिवस बघतोय. या दोऱ्या चुकीच्या बांधल्यात. वारा आला की हे जहाज आडवं होणार."

"भाऊ, ते चित्र आहे."

"चित्र असलं म्हणून काय झालं? शिस्त नको? तुम्ही शिकवता ना समुद्र? सांगा, सुकाणू पाण्यात किती बुडतं?"

अहो, मी समुद्र बघितला होता तो नकाशात, निळ्या रंगाचा! भाऊंनी तर तापीच्या पलीकडं पाणी पाहिलं नव्हतं. "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. ठीक आहे, बांधूनच बघू," म्हणाले, आणि खाटेवर जहाज बांधायला घेतलं!

मग त्या घरात रोज एक नवा धक्का. शेठजींच्या चहाच्या खोक्यांच्या फळ्या आल्या, शेतातनं कपाशीच्या सरळ पऱ्हाट्या आल्या डोलकाठ्यांसाठी, चिंचोक्यांची खळ शिजली. लाडवांसाठी ठेवलेला डिंक संपला, गोधडीचा दोरा संपला. एका सकाळी अंघोळ करून आलो तर माझा दिवाळीचा मलमलचा सदरा सापडेना. तो जहाजावर सापडला. चार शिडं झाली होती! भाऊ दातात दोरा धरून म्हणाले, "कापड उत्तम आहे हो, भूगोल. शिवण मात्र वाईट होती, उसवायला त्रास पडला नाही." रागवावं तर त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की मीच नुसत्या बंडीवर बसून दोऱ्याला गाठी मारू लागलो. डॉक्टर नाडी बघायला येत तेव्हा भाऊ डावा हात त्यांना देत आणि उजव्या हातानं कानस चालवत. "वडील म्हणायचे, हे पोरगं घराण्याचं नाव बुडवणार," ते डॉक्टरांना सांगत. "म्हटलं, न बुडणारी नाव एकदा बांधूनच दाखवतो." डॉक्टर हसत, आणि जाताना अक्कांना म्हणत, "हे बरंय. हे चालू ठेवा."

पण एक चमत्कार माझ्या लक्षात येईना. संध्याकाळी बांधलेली दोरी दुसऱ्या दिवशी सुटलेली असे. पक्की चिकटलेली फळी निघालेली असे. भाऊ म्हणत, "उंदीर!" आणि पुन्हा बांधायला घेत. मलाही वाटे, उंदीरच असणार, घरात धान्य होतं. एका दुपारी जेवणं होऊन भाऊ घोरत होते, मीही ओसरीवर लवंडलो होतो. पाणी प्यायला उठलो, आत डोकावलो, आणि जागीच थिजलो. अक्का खाटेशी उकिडव्या बसून पुढच्या डोलकाठीच्या दोरीची गाठ दातांनी सोडवत होत्या! मी ओरडणारच, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसरी बोट त्यांच्या मांडीवर होती.

स्वयंपाकघरात आल्यावर मी म्हणालो, "अक्का, हे काय? ते जीव ओतून बांधताहेत, आणि तुम्ही..."

अक्का एरवी माझ्याशी जपून पुस्तकी मराठी बोलायच्या. त्या दिवशी सगळं बाजूला राहिलं. "बोट पुरी व्हयनी का हाऊ माणूस उठी जाई," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरून रडायलाच लागल्या. बोट पुरी झाली की हा माणूस उठेल! आणि अजून तीन आठवडे बाकी होते. कपाळ! धाकट्या भावासारखा मी त्या कटात सामील झालो.

इकडं भाऊंनी उंदरासाठी लाकडी सापळा मागवला आणि तो स्वतःच्या हातानं जहाजाच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, मांडला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अक्कांच्या तर्जनीला चिंधी. "विळीवर कापलं," त्या म्हणाल्या. भाऊंनी चिंधीकडं पाहिलं, सापळ्याकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. मग मला म्हणाले, "भूगोल, तो सापळा उचला आणि माळ्यावर टाका. मुका जीव आहे, उगाच दुखवायला नको." मला वाटलं, दुखण्यानं माणूस हळवा झाला. भूगोल शिकवणाऱ्याची अक्कल ती, किती असणार?

पुढं शाळा सुरू झाली आणि मी दर शनिवारी जळगावहून येऊ लागलो. जहाज जिथल्या तिथं. पाचव्या आठवड्यात मला राहवेना. अक्का दळण आणायला गेल्या होत्या. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला कंटाळा नाही येत? तीच दोरी किती वेळा बांधणार?"

"तिला बरं वाटेस्तोवर," भाऊ म्हणाले.

मी बघतच राहिलो.

"बघताय काय? उंदराच्या बोटाला चिंधी कुठं असते का हो? तेवीस वर्षं मी घरात धुडगूस घालतोय आणि ती निस्तरतेय. कधी तोंडातून ब्र काढला नाही. महिनाभर तिनं मोडलं आणि मी जोडलं, तर काय बिघडलं? आणि तिच्यापुढं तोंड उघडाल तर याद राखा." असं दरडावून त्यांनी कूस बदलली, पण डोळे पुसलेले मी पाहिले.

सहा आठवडे भरले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि हळूहळू फिरायला परवानगी दिली. त्या दिवशी जहाजाची एकही दोरी सुटली नव्हती. आम्ही टांगा करून पांझरा नदीवर गेलो, छोट्या पुलाच्या अलीकडं. भाऊ काठी न घेता चालले. अक्का एका दगडावर बसल्या. भाऊंनी जहाज पाण्यात ठेवलं आणि, काय सांगू, ते तरंगलं! जरा डावीकडं कललेलं, पण माझ्या सदऱ्यात वारा भरला आणि ते निघालं. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर ते मधल्या धारेला लागलं आणि पुलाकडं सुटलं. त्याला परत ओढायला दोरी बांधायची असते, हे आम्हा दोघा मास्तरांना सुचलंच नव्हतं.

परक्या बसला खांदा लावणारा माणूस हा! भाऊंचा एक पाय पाण्यात पडला. मी त्यांना धरायला पुढं होणार, तोच मागून किंकाळी आली.

"धरा ना तिले! मन्ही बोट जाई ऱ्हायनी!"

अक्का उभ्या राहून रडत होत्या. रोज ती बोट मोडणाऱ्या अक्का, आणि आता म्हणतात, माझी बोट चालली! भाऊंनी एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. मग पाय मागं घेतला. घरात सगळ्यांना शुद्ध बोलायला लावणारे भाऊ अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे वं. मी शे ना अठे." मी आहे ना इथं!

आणि ते अक्कांच्या शेजारी बसले. दोन्ही पाय लांब सोडून, पोक काढून बसले. जहाज पुलाखालून गेलं आणि दिसेनासं झालं. आता भाऊ, अक्का दोघंही हयात नाहीत, आणि तेव्हा मी तरी पाण्यात का उतरलो नाही, याची मला फार चुटपुट लागते. त्या दिवशी टांगेवाल्यानं दोनदा हाका मारल्या. दोघांपैकी कुणीच उठलं नाही, आणि त्यांना उठवायचा मला धीर झाला नाही.